कौल

सत्यवती गावस हात टेबलावर ठेवते
आणि लगेच मागे घेते.
मी म्हणते, राहू देत. उजेडात.

बोटांची टोकं काळी. ते काजूचं.
वीस वर्षं बिया फोडल्या की चीक नखांत राहायला येतो,
रेशनकार्डावर नाव घालून.
ते जुनं. ते आता बोलत नाही.
नवं आहे ते पंजाच्या पाठीवर :
लाली, मोहरीएवढे पाण्याचे फोड,
काही फुटून खपली धरलेले,
आणि मनगटाच्या चार बोटं वर
एक रेघ.
रेघेपलीकडे कातडी स्वच्छ.
अंगाला आपणहून असं सरळ थांबता येत नाही.

पण घाई नको. घाईने तिला आजवर तीन ट्यूबा दिल्या,
साखळीच्या फार्मसीत, गजकर्ण म्हणून.
मी ब्लेडने कोंडा खरवडते, काचेवर घेते,
भिंगाखाली शोधते. बुरशीचे धागे नाहीत.
लहानपणी कोपराच्या लवणीत खाजायचं?
ना.
घरात कुणाला दमा?
सासूला.
सासू धरत नाही, मी म्हणते. दोघी हसतो.
रविवारी?
"आयतारा मात्शें उणें."
आणि चवथीला?
"चवथीक हात बरे आशिल्ले. नेवऱ्यो केल्यो."

मुकादम म्हणतो काजू. शेजारीण म्हणते काजू.
मलाही तोच शब्द ओठांवर येतो
आणि म्हणूनच मी तिची पाठ मागते.

पाठीवर पट्ट्या, पट्ट्यांत इवल्या वाट्या,
कडेला शाईचे आकडे :
निकेल, सिमेंटातलं क्रोमेट, राळ, अत्तर, रबरातली चार-पाच रसायनं.
काजूचं तेल असंच लावत नाही, भाजेल.
भाजणं कुणालाही भाजतं.
न सोसणं ज्याचं त्याचं असतं.
शेवटी एक जागा उरते, तिथे तिच्याच पिशवीतल्या
हातमोज्याचा नखाएवढा तुकडा.

दोन दिवस आंघोळ नाही. घाम नाही.
एप्रिलात. वाळपईत.
ती म्हणते, "म्हणजे देवीक प्रसाद लायतात तशेंच मगे.
पाकळी पडसर हालूंक ना."
हो, मी म्हणते,
फक्त इथे पाकळी पडत नाही, उगवते.

दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या. अर्धा तास थांबलो,
चिकटपट्टीचा वळ ओसरावा म्हणून.
अंधूक काहीतरी होतं. मी नुसतं लिहून ठेवलं.
चौथ्या दिवशी ती पुन्हा दोन बशी बदलून म्हापशाला आली
आणि मी डोळे मिटून तिच्या पाठीवरून बोट फिरवलं :
सपाट, सपाट, सपाट,
उंचवटा.
रबराच्या एका रसायनाच्या जागी,
आणि त्या तुकड्याच्या.

"काजू मगे?"

मोजे तन्वेशने आणलेले. वेर्ण्याच्या कंपनीतला पहिला पगार.
आई, हात जप.
सहा महिने काही झालं नाही.
कातडी आधी ओळख करून घेते,
मग कधीतरी नाव घेऊन ओरडते.
फोड आले तशी ती मोजे जास्त वेळ घालू लागली,
रोज संध्याकाळी धुऊन, तारेवर चिमटा लावून वाळवले,
कुणाचे हात लटकावे तसे.

सांगून झालं.
तिने कापलेला मोजा घडी करून पिशवीत ठेवला.
टाकून द्या, मी म्हटलं. घरातही नको.
तिने मान हलवली. कुठल्या अर्थाने, कळलं नाही.
मग दाराशी जाऊन परत आली.
"कागदार काजूच बरयात, डॉक्टर. तो वाचता."

ते नाही जमत.
कागद माझ्यानंतरच्या डॉक्टरचाही असतो.
नवे मोजे कुठले, ते ठळक लिहिते : विनाइलचे, आत सुती.
दिवसातून किती वेळा मलम, ते लिहिते.
वरची एकच ओळ, नोकरीत पहिल्यांदा,
मुद्दाम वाईट अक्षरात काढते.